हृदयाभोवती पाणी झालंय, पेरिकार्डायटिस सांगितलाय – कोणाला अनुभव आहे का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय 31, कसलाही आजार नाही, रोज पळायला जाणारा मुलगा. आधी सर्दी-ताप झाला, तो आपोआप गेला आणि मग काही दिवसांनी छातीत मधोमध टोचल्यासारखं दुखायला लागलं. श्वास आत घेतला की कळ, आणि आडवं झालं की इतकं वाढायचं की रात्रभर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसला होता. मानेच्या खाली खांद्याकडे पण दुखत होतं. आम्हाला सगळ्यांना हार्ट अटॅकच वाटला, तसाच उचलून इमर्जन्सीत नेला. ईसीजी बघून आधी त्यांचीही धावपळ झाली पण ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) नॉर्मल आलं आणि टू डी इको केल्यावर म्हणाले की हृदयाच्या आवरणाला सूज आलीय, थोडं पाणी झालंय, अक्यूट पेरिकार्डायटिस. रिपोर्टमध्ये माइल्ड पेरिकार्डियल इफ्यूजन, 7 मिमी, टॅम्पोनाड नाही असं लिहिलंय. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, वाढलेला. आयब्युप्रोफेन, सोबत पोटाची गोळी आणि कोल्चिसिन दिलंय, कोल्चिसिन चक्क 3 महिने घ्यायचंय.

आता गंमत नाही पण खरंच गोंधळ झालाय, कारण गोळ्या सुरू झाल्यावर दुखणं दोन दिवसांत जवळजवळ गेलं आणि हा म्हणतो मी बरा झालो, कोल्चिसिन तर गाउटचं औषध आहे ते मला कशाला, सोमवारपासून पळायला जातो. आई दुसऱ्या टोकाला, तिचं एकच चाललंय की हृदयाभोवती पाणी आहे तर ते सुई घालून काढून का टाकत नाहीत, आत ठेवून कसं चालेल. आणि मामा म्हणतात पाणी म्हणजे टीबीच असणार, टीबीची औषधं सुरू करा. डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं, अर्धं डोक्यावरून गेलं. ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सदाफुली

काळजी करू नका, माझ्या काकांना पण हृदयाला पाणी झालं होतं. लघवीच्या गोळ्या दिल्या आणि आठवड्यात सगळं उतरलं. तुमच्या डॉक्टरांना विचारा त्या का दिल्या नाहीत.

इको_रूम

कोरा_कागद, मी कार्डिओलॉजीत काम करतो, रोज इको बघतो. भावाला तपासलेलं नाही त्यामुळे त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं शेवटचं, पण तुमचे प्रश्न सगळ्याच घरांतून येतात म्हणून नीट लिहितो.

आधी सदाफुलींच्या पोस्टबद्दल, कारण ते तातडीचं आहे. काकांना बहुतेक हार्ट फेल्युअर होतं, त्यात पाणी फुप्फुसात आणि पायात साठतं आणि लघवीच्या गोळीने ते उतरतं. इथे पाणी हृदयाच्या बाहेरच्या थैलीत आहे आणि ते सुजेमुळे आलंय, लघवीच्या गोळीचा त्यावर उपयोग नाही. उलट कधी हे पाणी वाढून हृदय दाबलं जायला लागलं तर हृदय भरायला रक्ताचा दाब लागतो, तेव्हा लघवीची गोळी देऊन शरीरातलं पाणी कमी केलं तर बीपी आणखी कोसळतं. त्यामुळे कोणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी ही गोळी स्वतःहून अजिबात देऊ नका.

आता आईंचा प्रश्न. हृदयाभोवतीच्या या थैलीला बाहेरून एक जाड, चटकन न ताणणारा थर असतो आणि आतून दोन पातळ गुळगुळीत थर, एक हृदयाला चिकटलेला आणि एक बाहेरच्या जाड थराला. या दोन पातळ थरांच्या मध्ये प्रत्येकाच्याच छातीत पाणी असतं, साधारण 15 ते 50 मिली, त्यामुळेच हृदय न घासता हलतं. सूज आली की हे पाणी वाढतं. इकोवर आम्हाला ते हृदयाभोवती काळ्या पट्ट्यासारखं दिसतं आणि त्या पट्ट्याची जाडी मोजतो. 10 मिमीच्या आत म्हणजे माइल्ड, 10 ते 20 मध्यम, 20 च्या वर मोठं. भावाचं 7 आहे. एवढ्याशा पट्टीत सुई घालायची म्हणजे सुईच्या टोकापासून हृदयाची भिंत अगदीच जवळ, तिथे धोका जास्त आणि फायदा शून्य, कारण सूज तशीच राहिली तर पाणी परत येणार. सूज उतरली की हे पाणी शरीर आपोआप शोषून घेतं.

पण आईंची भीती अगदीच निराधार आहे असं नाही म्हणणार मी. पाणी काढावं लागतं, आणि कधीकधी अर्ध्या तासात काढावं लागतं. ते ठरतं ते पाणी किती आहे यावर कमी आणि ते किती वेगाने आलं यावर जास्त. बाहेरचा थर चटकन ताणला जात नाही, त्यामुळे छातीला मार लागून किंवा हृदयाच्या एखाद्या प्रोसिजरमध्ये थैलीत रक्त उतरलं तर 150-200 मिलीसुद्धा जीवावर बेततं. तेच कॅन्सरमध्ये किंवा थायरॉइड खूप कमी असताना पाणी महिनोन्महिने हळूहळू साठत गेलं तर थैली ताणत जाते, आणि मी एक लिटरच्या वर पाणी असलेले पेशंट स्वतःच्या पायांनी चालत इको रूममध्ये आलेले बघितलेत, फक्त जिना चढताना धाप लागते म्हणून आलेले. तेव्हा आकडा एकटा वाचून घाबरू नका आणि आकडा छोटा आहे म्हणून लक्षणं दुर्लक्षूही नका.

टॅम्पोनाड नाही, म्हणजे पाण्याने हृदय दाबलं गेलेलं नाही, असं जे लिहिलंय ना, रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. त्यासाठी आम्ही काय बघतो तर हृदयाच्या उजव्या बाजूच्या भिंती पातळ असतात, बाहेरचा दाब वाढला की आधी त्याच ठोक्याठोक्याला आत पिचकताना दिसतात. मग यकृतामागून हृदयाकडे येणारी मोठी नीला बघतो, ती एरवी श्वास आत घेतला की बारीक होते, टॅम्पोनाडमध्ये फुगलेलीच राहते. पेशंटकडे बघून पण कळतं, बीपी पडतं, गळ्याच्या शिरा फुगतात, स्टेथोस्कोपमध्ये ठोके लांबून आल्यासारखे ऐकू येतात. ही तीन लक्षणं क्लॉड बेक या सर्जनने 1935 मध्ये मांडली आणि अजून तीच शिकवली जातात, जरी तिन्ही एकत्र मिळतीलच असं नसतं. अजून एक खूण म्हणजे श्वास आत घेताना वरचं बीपी थोडं खाली येतं ते सगळ्यांचंच, पण ते 10 पेक्षा जास्त पडलं की आमचे कान टवकारतात.

हार्ट अटॅक वाटला त्यात तुमचं किंवा इमर्जन्सीवाल्यांचं काही चुकलं नाही, तसंच वाटलं पाहिजे. दोन्हींत ईसीजीची रेघ वर उचलली जाते. फरक इतकाच की अटॅकमध्ये एका रक्तवाहिनीच्या हद्दीतल्या लीड्समध्ये (ईसीजीच्या वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या रेघांमध्ये) ती वर जाते आणि समोरच्या लीड्समध्ये खाली, पेरिकार्डायटिसमध्ये जवळजवळ सगळीकडे थोडी थोडी वर. आणि आडवं झाल्यावर वाढणारं, पुढे वाकल्यावर कमी होणारं दुखणं, हे तर अगदी याच आजाराचं. पण हे घरी बसून ठरवायचं नाही, छातीत दुखलं की ईसीजी हा काढायचाच.

निळी_शाई

मला हा आजार दोनदा नाही, परत परत झालाय म्हणून कोल्चिसिनबद्दल मी लिहिते, कारण भावाने ते सोडलं तर मला खूप वाईट वाटेल.

ते दुखणं ज्याला झालं नाही त्याला सांगून कळत नाही. मी टेबलावर उशी, उशीवर कपाळ अशी खुर्चीत बसून झोपायचे. जांभई अर्धी राहायची, शिंक आली की डोळ्यांत पाणी. माझ्या डॉक्टरांनी एकदा मला पुढे वाकवून, श्वास सोडून रोखायला लावून स्टेथोस्कोप माझ्याच कानाला लावला होता, नव्या चामड्याच्या चपलेची होते ना तशी करकर येत होती प्रत्येक ठोक्याला. सुजलेले थर एकमेकांवर घासतात तो आवाज. काही तासांनी नाहीसा होतो, परत येतो, त्यामुळे एका डॉक्टरला ऐकू आला आणि दुसऱ्याला नाही असं होऊ शकतं.

पहिल्या वेळेला एका ठिकाणी मला सुरुवातीलाच स्टेरॉइड दिले होते. दुसऱ्या दिवशी दुखणं गायब, मी आणि घरचे खूश. पण डोस कमी करत आणला की परत दुखणं, परत वाढवला की बरं, परत कमी केला की दुखणं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की साध्या, व्हायरसनंतरच्या पेरिकार्डायटिसमध्ये आधीच स्टेरॉइड दिले तर तो उलटण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणि जोडीला कोल्चिसिन, आणि स्टेरॉइड ज्यांना ती औषधं चालतच नाहीत किंवा ज्यांच्यात ल्युपससारखं दुसरं कारण आहे त्यांच्यासाठी, तेही कमी डोसात. मला त्या स्टेरॉइडमधून बाहेर यायला फार वेळ लागला, मिलीग्रॅम मिलीग्रॅम करत उतरवलं.

कोल्चिसिन गाउटचं आहे हे खरं आहे पण ते सूज वाढवणाऱ्या पेशींवर काम करतं, ती सूज अंगठ्यात आहे की हृदयाच्या आवरणात याने त्याला फरक पडत नाही. आणि याचा नीट अभ्यास झालाय, 2013 मध्ये इटलीतल्या 240 पेशंटवरचा आयकॅप नावाचा, पहिल्यांदाच पेरिकार्डायटिस झालेल्या लोकांचा. नेहमीची औषधं सगळ्यांना, आणि अर्ध्यांना जोडीला 3 महिने कोल्चिसिन. ज्यांना कोल्चिसिन नव्हतं त्यांच्यात 37.5 टक्के लोकांचा आजार रेंगाळला किंवा उलटला, ज्यांना होतं त्यांच्यात 16.7 टक्के. निम्म्याहून कमी! भावाला हा आकडा दाखवा. ते 3 महिने दुखणं थांबवायला नाहीत, आजार परत येऊ नये म्हणून आहेत, म्हणून दुखत नसताना घ्यायचे.

त्रास काय होतो तर पोट बिघडतं, मला सुरुवातीला जुलाब झाले. तेव्हा औषध बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा, ते डोस कमी करून देतात. एरवीही डोस वजनावर असतो, 70 किलोच्या खाली 0.5 मिग्रॅ दिवसातून एकदा आणि वर असेल तर दोनदा. आणि मध्येच घसा वगैरे दुखला म्हणून कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू आहे हे सांगायचंच, दोन्ही एकत्र झाली तर कोल्चिसिन अंगात साठून विषारी होऊ शकतं. किडनीचा त्रास असेल तरी आधी सांगायचं.

आणि इतकं करूनही ज्यांचा उलटतच राहतो त्यांच्यासाठी आता इंटरल्युकिन-1 हे सूज वाढवणारं रसायन अडवणारी इंजेक्शनं आहेत, ॲनाकिन्रा आणि रिलोनासेप्ट. रिलोनासेप्टला अमेरिकेत 2021 मध्ये खास या आजारासाठी मान्यता मिळाली. माझ्यासारख्यांना ते वाचूनच बळ आलं होतं.

माळरान

माझ्या आईचं सांगतो. पाण्याचं नाही, त्याच्या पुढचं, पण मामा टीबी म्हणतायत म्हणून लिहावंसं वाटलं.

आईचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले, जेवण जाईना. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि पोटात पाणी, त्यामुळे कितीतरी महिने लिव्हरचाच इलाज चालला होता. पोटातलं पाणी काढायचे, परत भरायचं. इको झाला होता तर हृदय चांगलं आकुंचन पावतंय, पंपिंग उत्तम असं लिहून आलं, मग हृदयाकडे कोणी बघेना. शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने आईला अर्धवट बसतं करून उशीवर टेकवलं आणि फक्त मान बघत उभी राहिली, किती वेळ. गळ्याची शीर कानाच्या पाळीपर्यंत भरलेली होती आणि आई श्वास आत घ्यायची तेव्हा ती खाली जायच्या ऐवजी आणखी वर चढायची. ती म्हणाली की नुसत्या लिव्हरच्या आजारात मान अशी भरत नाही. या खुणेला कुसमॉलची खूण म्हणतात, 1873 पासून माहीत असलेली, आणि ती बघायला कुठलंच मशीन लागत नाही.

मग सीटी केला, त्यात हृदयाभोवती पांढरं कडं, चक्क कॅल्शियमचं कवच. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. तरुणपणी तिला टीबी झालेला होता. आवरण जाड होऊन आकसतं आणि हृदयाला फुलायलाच जागा देत नाही, आकुंचन नीट होतं म्हणून पंपिंगचा आकडा चांगला येतो, पण भरायलाच जागा नाही तर बाहेर टाकणार काय. सगळं रक्त मागे यकृतात, पोटात, पायात तुंबतं.

याला औषध नाही, छाती उघडून ते आवरण सोलून काढावं लागतं. मोठं ऑपरेशन आहे, सर्जननी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की कॅल्शियम हृदयाच्या स्नायूत घुसलेलं असेल तर तेवढा भाग तसाच सोडावा लागेल आणि जितका उशीर तितका धोका जास्त. आई त्यातून बाहेर आली. पण वाया गेलेल्या महिन्यांचा राग माझा अजून गेलेला नाही, म्हणून जिथे जमेल तिथे लिहितो, पोटात पाणी आणि गळ्याच्या शिरा फुगलेल्या असं एकत्र असेल तर हृदयाच्या आवरणाचं विचारा.

कोरा_कागद

बापरे. सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला निळी_शाईंची पोस्ट वाचून दाखवली, गप्प बसून ऐकली त्याने. आता गोळ्या घेतो म्हणालाय. माळरान, तुमच्या आईंचं वाचून मात्र आता मीच घाबरलेय, भावाचं आवरण पण असं कडक होईल का? आणि टीबीची तपासणी सांगितलेली नाही, करून घ्यावी का? पळायचं कधी?

सायली_ऑगस्ट

विषयाला थोडं सोडून विचारते, मला दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत पेरिकार्डियल सिस्ट निघालीय, उजव्या बाजूला. हे पण यातलंच का? त्रास काही नाही.

इको_रूम

सायली, आवरणाचाच प्रकार आहे पण सुजेचा नाही. या सिस्ट बहुतेक जन्मतः असतात, उजवीकडे हृदय आणि छाती-पोटामधला पडदा मिळतात त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त सापडतात, आत स्वच्छ पाणी असतं. त्रास नसेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. काही जणांना तर आवरणाचा एखादा भाग जन्मतःच नसतो, बहुतेक वेळा डावीकडचा, आणि त्यांनाही ते असंच कशाच्या तरी तपासणीत कळतं. तुमच्या डॉक्टरांना परत सीटी किंवा इको कधी करायचा तेवढं विचारून ठेवा.

कोरा_कागद, आवरण कडक होण्याची भीती कारणावर अवलंबून आहे. व्हायरसनंतरच्या किंवा कारण न सापडणाऱ्या पेरिकार्डायटिसमध्ये ते फार क्वचित होतं, शंभरात एकापेक्षाही कमी. टीबी किंवा पू झालेल्या पेरिकार्डायटिसमध्ये खूप जास्त. सूज असताना काही दिवस आवरण आवळल्यासारखं वागतं आणि औषधांनी पुन्हा मोकळं होतं असंही बघायला मिळतं, म्हणूनच पुढचा इको चुकवू नका.

टीबीचं म्हणाल तर मामांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जिथे टीबी जास्त आहे तिथे मोठ्या इफ्यूजनमध्ये पहिला संशय तोच घेतात. पण त्याचं रूप वेगळं असतं, कित्येक आठवडे रेंगाळणारा संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, आणि पाणी सहसा माइल्ड नसतं, चांगलं भरपूर असतं. भावाचं चित्र म्हणजे सर्दी-ताप, मग एकदम तीव्र दुखणं, थोडंसं पाणी आणि आयब्युप्रोफेनला दोन दिवसांत उतार. हे टीबीसारखं वाटत नाही, म्हणून सांगितलं नसेल. छातीचा एक्सरे झालाच असेल, तो कसा आहे विचारा. पण ताप रेंगाळला, वजन कमी झालं किंवा पाणी वाढत गेलं तर मग ते पाणी काढून त्यात एडीए, जीन एक्सपर्ट, कल्चर या टीबी शोधायच्या तपासण्या सगळ्या कराव्या लागतात, कारण तिथे नुसत्या अंदाजावर थांबता येत नाही. आणि टीबी ठरला तर किमान 6 महिन्यांची औषधं. त्यात स्टेरॉइड द्यावेत का यावर आफ्रिकेत 1400 पेशंटचा मोठा अभ्यास झाला, 2014 मध्ये आला, त्यात मृत्यू, टॅम्पोनाड आणि आकसणं हे सगळं एकत्र धरलं तर फरक पडला नाही, पण आवरण आकसण्याचं प्रमाण एकटं बघितलं तर 7.8 वरून 4.4 टक्क्यांवर आलं. मात्र एचआयव्ही असलेल्यांत कॅन्सर वाढले, म्हणून सरसकट देत नाहीत. हे सगळं यासाठी सांगतोय की टीबीची औषधं संशयावर घरून सुरू करायची गोष्ट नाही.

पळण्याबद्दल मात्र मी कडक आहे. सोमवार विसरायला सांगा. दुखणं पूर्ण गेलं, सीआरपी नॉर्मल आला, ईसीजी आणि इको ठीक झाले, हे सगळं होईपर्यंत जोराचा व्यायाम बंद, साधं चालणं ठीक. नाडी वाढली की सुजलेले थर जास्त जोरात घासतात, आणि लवकर पळायला लागलेल्यांचा आजार उलटलेला आम्ही वरचेवर बघतो. स्पर्धेत पळणाऱ्यांना तर युरोपच्या 2015 च्या गाइडलाइनमध्ये किमान 3 महिने थांबायला सांगितलं होतं. ट्रोपोनिन नॉर्मल आहे ही त्यातली चांगली बाजू, ते वाढलेलं असतं तर हृदयाच्या स्नायूलाही सूज आहे असं धरून आणखी जास्त थांबवलं असतं.

आयब्युप्रोफेनही एकदम बंद करायचं नाही, सीआरपी उतरल्यावर दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत आणतात. तो वेळापत्रकाचा कागद नसेल दिला तर मागून घ्या.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: धाप वाढली, उभं राहिल्यावर चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय गार पडून घाम सुटला, गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसल्या किंवा ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी, आणि तिथे पोचल्याबरोबर सांगायचं की पेरिकार्डायटिस आहे, आधीचा इको हा, परत इको करा. जुना रिपोर्ट फोनमध्ये फोटो काढून ठेवा म्हणजे पट्टी 7 ची किती झाली ते लगेच कळतं.

पुढचा सीआरपी कधी सांगितलाय?

कोरा_कागद

पुढच्या आठवड्यात, इको पण त्याच दिवशी. रिपोर्ट आला की इथेच टाकते. वेळापत्रकाचा कागद नव्हता, आत्ताच फोन करून मागितलाय.

निळी_शाई

तोवर रात्री त्याला दोन उशा पाठीला देऊन अर्धवट बसतं झोपू द्या, दुखणं गेलं असलं तरी. आणि आयब्युप्रोफेन रिकाम्या पोटी नको.